कोकणातल्या रेडिओ केंद्रांना खुले पत्र: मनोरा ठेवा, तक्ता बदला

कोकण किनाऱ्यावरच्या आकाशवाणी, खासगी एफएम आणि सामुदायिक रेडिओ केंद्रांचे प्रमुख, कार्यक्रम अधिकारी, अभियंते आणि निवेदक यांस,

सप्रेम नमस्कार.

गाण्यांसाठी रेडिओ लावणारा श्रोता मोबाइलकडे गेला आहे. हवं ते गाणं त्याला हव्या त्या क्षणी मिळतं. त्याला परत आणण्याच्या खटपटीत केंद्रांची उरलेली ताकदही खर्ची पडते आहे, म्हणून हे पत्र.

मागणं साधं आहे. बंदराचं, वाडीचं, बागेचं नाव घेऊन जे फक्त तुम्हीच सांगू शकता, त्याला कार्यक्रमांच्या तक्त्यात पहिली जागा द्या. तो मजकूर प्रसारणाच्या मनोऱ्यावरूनही जाऊ द्या आणि मोबाइलवरूनही, पण दोन्हींसाठी वेगवेगळा बेतून. आणि मोबाइल आला म्हणून मनोरा मोडीत काढू नका.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण एकदा मनोरा उतरवला की तो पुन्हा कोणी उभा करत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आलं. विजेचे खांब आडवे झाले, मोबाइल मुके झाले आणि रायगड, दापोली, मंडणगड भागातल्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. २२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हाही फोन लागत नव्हते. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या काही तास टिकतात. पुढे डिझेल पोचलं तर टॉवर चालतो, आणि रस्ताच बंद असेल तर डिझेल पोचत नाही. अशा वेळी दोन सेलवर चालणारा रेडिओ आणि साधा बटणांचा फोन एवढंच घरात जिवंत राहतं. बटणांच्या बहुतेक फोनमध्ये एफएम असतो. त्याला सिम लागत नाही की नेटवर्क. बहुतेकदा हेडफोनची वायर हाच त्याचा एरियल. हे कितीतरी घरांत ठाऊक नाही. पावसाळ्याआधी दोन महिने रोज हे सांगितलं पाहिजे, वायर खोचली नाही तर खरखर का येते यासकट. हेडफोनची खाच नसलेल्या नव्या स्मार्टफोनमध्ये बहुधा एफएमही नसतो. म्हणून जुना फोन भंगारात देऊ नका, हेही सांगा.

परदेशात एफएम बंद होत आहे, असा दाखला दिला जातो. नॉर्वेने २०१७ साली राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद केलं, पण तिथे त्याआधी डिजिटल रेडिओचं जाळं देशभर उभं होतं. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारकाने २०२४ च्या अखेरीस एफएम थांबवलं आणि श्रोते मोठ्या संख्येने गळाले. आपल्याकडे आकाशवाणीचे मध्यम लहरींवरचे (मीडियम वेव्ह) ३५ ट्रान्समीटर डीआरएम या डिजिटल प्रसारण पद्धतीचे झाले. ते ऐकू शकणारे संच मात्र मुख्यतः नव्या मोटारींतच आहेत. ट्रॉलरच्या केबिनमध्ये तो संच पोचेपर्यंत डिजिटल हे मच्छीमाराच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही.

मध्यम लहर की एफएम, हा निर्णय तर कोकणात नकाशा पुढ्यात घेऊनच व्हायला हवा. एफएमची लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते. अँटेनाची आणि रेडिओची उंची मीटरमध्ये घ्या, दोन्हींची वर्गमुळं काढून बेरीज करा आणि ४.१२ ने गुणा. साधारण पल्ला किलोमीटरमध्ये मिळतो. समुद्रसपाटीवर ३० मीटरचा मनोरा आणि होडीत तीन मीटरवर रेडिओ असेल तर हा पल्ला जेमतेम ३० किलोमीटर. तोच मनोरा दीडशे मीटरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, नेला तर ६० किलोमीटरच्या पुढे, अर्थात ट्रान्समीटरमध्ये तेवढी ताकद असेल तर. जमिनीच्या बाजूला हिशेब आणखी बिघडतो. एका डोंगराआड वाडी गेली की एफएमची सावली पडते, आणि कोकणात वाड्या डोंगराआडच आहेत.

मध्यम लहर मात्र पृष्ठभागाला धरून जाते. खारं पाणी विजेचं उत्तम वाहक, कातळ अगदी वाईट. दोघांत हजार पटींहून अधिक फरक. म्हणून तोच ट्रान्समीटर घाटाच्या दिशेला लवकर दमतो आणि अरबी समुद्रावर दूरपर्यंत ऐकू येतो. रत्नागिरीची ११४३ किलोहर्ट्झ ही लहर जुन्या दर्यावर्द्यांना पाठ आहे, ती यामुळेच. घरात मध्यम लहरीला खरखर येते ती बहुतेकदा स्वस्त एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि इन्व्हर्टर यांची. वादळात वीज गेली की ही खरखरही बरीचशी जाते. होडीवर तर मुळात ती कमीच. कुठलाही मध्यम लहरींचा ट्रान्समीटर बंद करण्याआधी त्याचं ध्वनिक्षेपण किनाऱ्यापासून ५०, १०० आणि १५० किलोमीटरवर होडीत बसून मोजा. जमिनीवरच्या मोजणीवर त्याचा निकाल लावू नका. आणि पल्ला कमी झाला असेल तर आधी मनोऱ्याखालची जमीन तपासा. तिथे पुरलेल्या तांब्याच्या तारा चोरीला जातात, खोदकामात तुटतात, खाऱ्या हवेने गंजतात. त्या निम्म्या उरल्या की ट्रान्समीटर ठणठणीत असूनही आवाज पोचत नाही.

सामुदायिक केंद्रांची अडचण वेगळी. १०० वॉटची मर्यादा आणि ३० मीटरची उंची यांत एकेक वॉट मोलाचा. तरी कित्येकदा खर्च वाचवायला ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंत बारीक आरजी-२१३ केबल टाकली जाते. १०० मेगाहर्ट्झच्या आसपास ती ३० मीटरमध्ये जवळपास दोन डेसिबल खाते, म्हणजे १०० वॉटपैकी वर ६३ च पोचतात. अर्ध्या इंचाची नालीदार केबल टाकली तर साधारण ८६ पोचतात. तेवीस वॉटचा हा फरक एकदाच्या खर्चात कायमचा मिळतो. किनाऱ्यावर केबलचा शत्रू म्हणजे खारं दव. ते कनेक्टरमधून आत शिरतं, तांबं हिरवं पडतं, परत फिरणारी शक्ती वाढते आणि ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला आपोआप शक्ती उतरवतो. परतावा दाखवणारा व्हीएसडब्ल्यूआरचा काटा १.५ वर असेल तर चार टक्के शक्ती परत येते, २ वर गेला तर अकरा टक्के. तो आकडा रोज वहीत लिहा. एका आठवड्यात १.२ चा १.५ झाला तर आधी वरचा कनेक्टर उघडा. पुन्हा बांधताना स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, वरून साधी टेप, आणि केबल आत घेण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथेच गळेल. हे काम सप्टेंबरअखेर आणि मेच्या मध्यावर, असं वर्षातून दोनदा करायचं. ऑक्टोबरातल्या विजा आणि वळवाचा गडगडाट यांच्या आधी अर्थिंगही तेव्हाच मोजून घ्यावं.

आता संकटात केंद्र का गप्प बसतं ते पाहा. ट्रान्समीटर सहसा बिघडलेला नसतो. स्टुडिओ शहरात, ट्रान्समीटर टेकडीवर आणि दोघांमधली लाइन तुटलेली, हे पहिलं कारण. जनरेटर तळमजल्यावर आणि पाणी त्याच्या टाकीत, हे दुसरं. तिसरं सर्वांत साधं: रात्री केंद्रावर माणूसच नसतो, मुंबई-दिल्लीचा कार्यक्रम आपोआप चालू असतो आणि नदी मात्र पहाटे तीनला चढते.

उपाय मोठ्या खर्चाचे नाहीत. ट्रान्समीटरच्याच खोलीत एक डायनॅमिक माइक, चार वाटांचा छोटा मिक्सर आणि नेहमीची लाइन तोडून हा आवाज थेट आत घेणारा स्विच कायमचा बसवा. कुलपाची किल्ली तीन माणसांकडे असावी आणि ती तिघं रस्ता बंद असतानाही पायी टेकडीवर पोचू शकतील अशा अंतरावर राहणारी असावीत. जनरेटर २०२१ च्या पूररेषेच्या वर घ्या. सामुदायिक केंद्राचा हिशेब सांगायचा तर ट्रान्समीटर सुमारे ३०० वॉट आणि मिक्सर-संगणक दीडशे वॉट वीज खातात. आठ तासांना ३.६ युनिट. ४८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी ४.८ युनिट धरते, म्हणजे एक दिवस निभावतो. त्यापुढे सौर पॅनेल आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. जुलैच्या झडीत ती फार थोडी वीज देतात. बॅटरी लहान जनरेटरवर भरण्याची सोय हवी आणि डिझेल आधीच भरलेलं हवं.

मग माइकवर काय बोलायचं? हवामान खात्याचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज आजही वाचला जातो. तो वाचला जातो ‘दक्षिण कोकण किनारपट्टीलगत काही ठिकाणी’ अशा भाषेत. त्यावरून तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, होडी ओढायची की ढकलायची? तोच मजकूर असा बसवा:

“हर्णै ते जयगड. आज बुधवार, दुपारी दोनपासून उद्या सकाळी आठपर्यंत. वारा नैऋत्येकडून, ताशी ४५ ते ५५ किलोमीटर. लाटा तीन ते साडेतीन मीटर. होड्या बाहेर काढू नका. बाहेर असाल तर जवळच्या बंदरात या. पुन्हा सांगतो, हर्णै ते जयगड. पुढची खबर साडेपाच वाजता.”

आधी जागा, मग वेळ, मग धोका, मग काय करायचं, शेवटी पुढची वेळ. हा क्रम मोडू नका. जागेचं नाव पहिलं आलं की ज्याचा संबंध आहे तो कान टवकारतो. मिनिटाला शंभर शब्दांच्या आसपास वेग ठेवा. इंजिनाच्या आवाजात त्याहून भरभर बोललेलं कळत नाही. आकाशवाणीवर किनाऱ्याचे पट्टे वेगळे वाचा: सातपाटी ते वर्सोवा, अलिबाग ते श्रीवर्धन, हर्णै ते जयगड, मिरकरवाडा ते विजयदुर्ग, देवगड ते वेंगुर्ले. बंदरावर कितव्या नंबरचा बावटा लागला आहे तेही सांगा. जुन्या खलाशाला तेवढ्यावरून सगळं कळतं. ठरलेली वेळ एक मिनिटही चुकवू नका, कारण बॅटरी वाचवायला माणसं तेवढ्यापुरताच रेडिओ लावतात. सांगण्यासारखं काही नसेल तर ‘आज इशारा नाही’ हेही त्याच वेळी सांगा.

खासगी एफएमवाल्यांना वाटतं, बातम्यांना बंदी आहे तेव्हा हे आपलं काम नाही. स्वतःच्या बातम्यांना बंदी आहे खरी. पण हवामान, वाहतूक, परीक्षा आणि प्रवेश, वीज-पाण्याच्या सूचना आणि नैसर्गिक आपत्तीत स्थानिक प्रशासनाने दिलेली माहिती हे सरकारी धोरणानुसार बातम्यांत धरलंच जात नाही. गणपतीत आणि शिमग्यात मुंबई-गोवा महामार्गावर जी रांग लागते, तिच्यातल्या प्रत्येक गाडीत रेडिओ आहे. कशेडीपासून परशुराम घाटापर्यंत काय स्थिती आहे ते दर पंधरा मिनिटांनी सांगणाऱ्या केंद्राला श्रोता शोधत फिरावं लागणार नाही.

मालवणी आणि संगमेश्वरी बोलीबद्दल एक तळमळीची विनंती. या बोली फक्त हसवणुकीच्या प्रहसनात वापरल्या जातात. वाऱ्याची खबर, दवाखान्याची वेळ, पीकविम्याची मुदत त्याच बोलीत सांगा. ज्या म्हातारीला प्रमाण मराठी अर्धीच कळते, तिच्यासाठी ही भाषा गमतीची नाही.

मोबाइलची बाजू आता. सगळ्यात मोठी चूक म्हणजे अर्ध्या तासाचा कार्यक्रम जसाच्या तसा इंटरनेटवर टाकणं. रेडिओवर सुरुवातीची धून, निवेदन आणि मधलं गाणं हे ऐकणाऱ्याला स्थिरावायला लागतं. मोबाइलवर तो पहिल्या दहा सेकंदांत निघून जातो. उदाहरण घ्या सुपारीच्या कोळेरोगाचं. पावसाआधी घोसांवर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारायचं असतं. एक किलो मोरचूद प्लॅस्टिकच्या भांड्यात निम्म्या पाण्यात विरघळवायचं, एक किलो कळीचा चुना वेगळ्या भांड्यात उरलेल्या निम्म्या पाण्यात, मग दोन्ही एकत्र ओतून ढवळायचं, एकूण पाणी १०० लिटर. लोखंडी खिळा बुडवून पाहायचा; त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घालायचा. हे रेडिओवर ऐकताना बागायतदाराच्या हातात पेन नसतं, म्हणून प्रमाण तिथे दोनदा आणि सावकाश सांगायचं. मोबाइलसाठी तीच मुलाखत चार मिनिटांची करा: धून नाही, स्वागत नाही, पहिल्याच वाक्यात रोगाचं नाव आणि महिना. फाइलला नाव द्या ‘सुपारी, कोळेरोग, बोर्डो मिश्रण, मे’. ‘भाग १२७’ असं नाव दिलं तर ती फाइल कोणालाच सापडणार नाही.

फाइल मोनो, ६४ केबीपीएस एमपीथ्री ठेवा. पाच मिनिटांना सुमारे २.४ एमबी होते, कुठल्याही फोनवर वाजते आणि व्हॉट्सअॅपवर सहज पुढे जाते. आवाजाची पातळी उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणारा जोर मोजण्याचं एकक) आणि शिखर उणे १ डेसिबल ठेवा, नाहीतर फोनच्या छोट्या स्पीकरवर बोलणं पुटपुटल्यासारखं ऐकू येतं. मागचं संगीत काढाच. इशाऱ्याच्या प्रत्येक फाइलमध्ये तारीख आणि साल आवाजातच बोलून ठेवा. फाइलच्या नावातली तारीख पुढे पाठवताना गळून पडते आणि गेल्या वर्षीच्या वादळाचा इशारा या वर्षी गावभर घबराट करतो.

थेट प्रसारण इंटरनेटवर देता तेव्हा १२८ केबीपीएस ताशी सुमारे ५८ एमबी खातं, एचई-एएसी या कमी डेटा लागणाऱ्या पद्धतीचं ३२ केबीपीएस फक्त साडेचौदा. दोन्ही ठेवा आणि लहानाला पहिलं बटण द्या. हे प्रसारण हवेतल्या आवाजाच्या मागे असतं, कधी अर्धा मिनिटही. म्हणून फोन-इनमध्ये बोलणाऱ्याला आधी अॅप बंद करायला सांगा, आणि ऑनलाइन ऐकणाऱ्याने वेळेच्या टोल्यावर घड्याळ लावू नये हेही कळवा. या वाटेने मुंबई-ठाण्यातला चाकरमानी तुमचा श्रोता होतो. त्याला गावची खबर आणि नमन, जाखडी, डबलबारी या गावच्या लोककला हव्या असतात. त्याच्यासाठी रात्री नऊनंतरची वेळ राखा.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी मिस्ड कॉलची सोय करा. श्रोता मिस्ड कॉल देतो, यंत्र उलट फोन करतं, खर्च केंद्राचा. ग्रामवाणी संस्थेच्या ‘मोबाइल वाणी’ या सेवेने ही पद्धत उत्तरेकडच्या राज्यांत चालवून दाखवली आहे. पर्याय तीनच ठेवा: एक दाबा वाऱ्यासाठी, दोन शेतीसाठी, तीन तुमचं म्हणणं सांगण्यासाठी. तिसऱ्यावर येणारं ऐकायला रोज एक माणूस बसला पाहिजे. उत्तर मिळालं नाही की लोक पुन्हा बोलत नाहीत.

हक्कांबाबत सावध राहा. रेडिओवर चित्रपटगीत वाजवायचा परवाना इंटरनेटला लागू होत नाही. कॉपीराइट कायद्याच्या ३१-ड कलमातली सवलत इंटरनेटवरून गाणी देणाऱ्या सेवांना मिळत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केलं आहे. त्यामुळे इंटरनेटवर टाकायच्या कार्यक्रमातून गाणी आधी काढा. दशावतार आणि नमनाच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचं तेच. कलावंताने तेव्हा प्रसारणाला होकार दिला होता, इंटरनेटला नाही. त्याच्याकडून किंवा वारसांकडून एक पानी मराठी संमतिपत्र घ्या आणि काही मानधन द्या.

त्या जुन्या टेप मात्र आजच वाचवायला हव्यात. कोकणातल्या दमटपणात त्यांच्यावर बुरशी चढते. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती अॅसिटेटची टेप कुजू लागली आहे. तिला अजिबात उष्णता देऊ नका, सगळ्यांत आधी तिचंच काम करा. टेप वाजवणाऱ्या यंत्राच्या हेडवर तपकिरी चिकट राळ जमत असेल तर ती पॉलिएस्टरची, आणि ती तज्ज्ञाच्या हाताखाली मंद उष्णतेत सुकवून एकदा वाजवता येते. प्रत्येक टेप वाजवण्याआधी हेडचा कोन त्या टेपप्रमाणे जुळवा, नाहीतर झांजांचा आवाज कायमचा बोथट नोंदला जाईल. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. स्टिरिओचा तास दोन जीबीहून थोडा जास्त. तीन प्रती करा, त्यांतली एक घाटावर ठेवा.

पैशाचं थोडक्यात. सामुदायिक केंद्रांना २०२४ च्या नव्या नियमांनी तासाला सातऐवजी बारा मिनिटं जाहिरात दिली आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ७४ रुपये केला. तो वेळ भरायला बाहेरच्या कंपनीची वाट पाहू नका. बर्फाचा कारखाना, जाळ्यांचं दुकान, कलमांची रोपवाटिका, बंदरावरचा डिझेल पंप यांचा गिऱ्हाईक तुमचं वाऱ्याचं वार्तापत्र ऐकतो. जाहिरात त्या वेळेला लागून विका.

मासेमारीची बंदी १ जूनला लागते आणि पाऊसही त्याच सुमारास येतो. म्हणून मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका रात्री, आधी न सांगता, सराव घ्या. जिल्हा नियंत्रण कक्षातून फोन आल्यापासून टेकडीवरच्या माइकवरून पहिलं वाक्य हवेत जाईपर्यंत किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. वीस मिनिटांवर वेळ गेली तर कुठे अडलं ते शोधा: किल्ली, डिझेल, स्विच की दूरध्वनी क्रमांकांची जुनी यादी. रात्री-अपरात्री कोणाचा निरोप खरा मानायचा आणि प्रसारणाची परवानगी कोण देणार, याचं लेखी पत्र जिल्हाधिकारी कार्यालयाकडून त्याआधी घ्या. त्याची एक प्रत ट्रान्समीटरच्या खोलीत, माइकशेजारच्या भिंतीवर लावा.

आपले,
कोकणात रेडिओच्या तांत्रिक आणि कार्यक्रम विभागांत काम केलेले काही जण